बिल फ्रान्स ज्युनियर: नॅस्कारचा खरा शिल्पकार की नुसता वारस?

डावं_वळण
नॅस्कारचा, म्हणजे अमेरिकेत स्टॉक कारच्या (बाजारातल्या गाड्यांसारख्या दिसणाऱ्या गाड्यांच्या) शर्यती चालवणाऱ्या संस्थेचा, विषय निघाला की लोक थोरल्या बिल फ्रान्सचं नाव घेतात. डिसेंबर 1947 मध्ये डेटोना बीचच्या स्ट्रीमलाइन हॉटेलात बैठक भरवून त्यांनी पुढच्या फेब्रुवारीत संस्था उभी केली. त्यांचं श्रेय मी नाकारत नाही, पण आज दिसतो तो स्टॉक कारचा खेळ त्यांच्या मुलाने घडवला असं माझं ठाम मत आहे. जानेवारी 1972 मध्ये बिल ज्युनियरने सूत्रं घेतली आणि 2003 मध्येच सोडली.

आयतं मिळालं म्हणणाऱ्यांनी डेटोनाचा ट्रॅक बांधला तो काळ आठवावा. अडीच मैलांचा हा ट्रॅक 1959 मध्ये सुरू झाला, वळणं 31 अंश चढाची. त्या मातीकामावर मालकाचा मुलगा स्वतः बुलडोझर आणि ग्रेडर चालवत होता. दलदलीत यंत्रं रुतायला लागली तेव्हा झाडं उपटायला त्याने खेचर जुंपून पाहिलं.

विन्स्टन सिगारेटचं प्रायोजकत्व 1971 मध्ये, वडिलांच्या काळातच आलं होतं. टीव्हीवर सिगारेटच्या जाहिरातींना बंदी आल्यामुळे कंपनीला दुसरी जागा हवीच होती. मुलाने त्या पैशाला शिस्त लावली. 1971 मध्ये 48 शर्यती होत्या, 1972 मध्ये 31. शर्यती कमी आणि प्रत्येकीला वजन जास्त.

आणि 18 फेब्रुवारी 1979! सीबीएस चॅनेलने डेटोना 500 ही 500 मैलांची शर्यत पहिल्यांदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत थेट दाखवली. ईशान्य अमेरिका बर्फामुळे घरात अडकलेली. शेवटच्या फेरीत केल यारबरो आणि डॉनी अ‍ॅलिसन एकमेकांवर आदळले, मागून येऊन रिचर्ड पेटी जिंकला, आणि तिकडे गवतावर डॉनीचा भाऊ बॉबी यारबरोशी हातघाईवर आला. बर्फ आणि भांडण हा योगायोग. पण अख्खी शर्यत थेट दाखवायला चॅनेलला राजी करणं योगायोगाने होत नाही.

गावाकडचा_ट्रॅक
सपशेल असहमत. मी शार्लटला राहते. नॉर्थ विल्क्सबरो इथून तासा-सव्वा तासावर. जेमतेम पाऊण मैलाच्या आतला ट्रॅक, एक सरळ बाजू उताराची आणि दुसरी चढाची. असा दुसरा नाही. नॅस्कारच्या मुख्य मालिकेच्या 1949 च्या पहिल्या हंगामापासून तिथे शर्यत होती. 1996 नंतर बंद. प्रेक्षकगॅलरीत झाडं उगवली. तुमच्या शिल्पकाराच्या काळातच ना?

पिटवॉल
थोडं सुधारतो. तो ट्रॅक फ्रान्स कुटुंबाने बंद केला नाही. ब्रूटन स्मिथ आणि बॉब बाहर या दुसऱ्या ट्रॅकमालकांनी निम्मा-निम्मा विकत घेतला. एकाने शर्यतीची तारीख टेक्सासला नेली, दुसऱ्याने न्यू हॅम्पशायरला.

गावाकडचा_ट्रॅक
तारखा दरवर्षी मंजूर कोण करायचं? नॅस्कार. त्यांनी मान हलवली नसती तर एकही तारीख जागची हलली नसती. इथल्या माणसांनी चाळीस-पन्नास वर्षं या खेळाला पोसलं, आणि भरभराट झाल्यावर त्यांनाच बाहेर ठेवलं. 2023 मध्ये ऑल-स्टार म्हणजे निवडक ड्रायव्हरांच्या शर्यतीच्या रूपाने नॅस्कार तिथे परतलं तेव्हा तिकिटांसाठी उडालेली झुंबड बघायला हवी होतीत.

हेल्मेट
ट्रॅकचं राहू द्या, माणसांचं बोला. मे 2000 मध्ये न्यू हॅम्पशायरला अ‍ॅडम पेटी गेला. वय 19, रिचर्ड पेटींचा नातू. आठ आठवड्यांनी त्याच ट्रॅकवर, त्याच वळणावर केनी अर्विन. ऑक्टोबरमध्ये टेक्सासला टोनी रोपर. सगळ्या दुखापती डोकं आणि मानेच्या. डोकं पुढे फेकलं जाऊ नये म्हणून हेल्मेटला पट्ट्यांनी बांधायचं हान्स उपकरण 1980 च्या दशकातच तयार झालं होतं. सक्ती झाली नाही. उपाय काय केला, तर सप्टेंबरमध्ये न्यू हॅम्पशायरला इंजिनाची हवा कमी करणाऱ्या प्लेट्स बसवल्या. वेग घटला, ओव्हरटेकिंग संपलं, जेफ बर्टन 300 पैकी 300 फेऱ्या पुढे राहिला. मग 18 फेब्रुवारी 2001 ला डेटोनाच्या शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट गेला. तरीही सक्ती यायला ऑक्टोबर उजाडला. ज्या संस्थेत एका माणसाच्या शब्दाबाहेर पान हलत नव्हतं, तिथल्या या दिरंगाईची जबाबदारी दुसऱ्या कोणावर टाकायची?

पिटवॉल
अर्नहार्टलाच ते उपकरण नको होतं, त्याने उघड विरोध केला होता. बरेच ड्रायव्हर त्याच मताचे होते. शिवाय ज्युनियरला 1999 मध्ये कॅन्सर झाला, नोव्हेंबर 2000 पासून अध्यक्षपद माइक हेल्टनकडे होतं. फ्रान्स घराण्याबाहेरचा पहिला अध्यक्ष.

हेल्मेट
अध्यक्ष हेल्टन, पण चेअरमन ज्युनियरच होते. आणि ड्रायव्हरला नको असतं म्हणूनच तर नियम करायचे असतात. इतर सगळ्या बाबतींत ड्रायव्हरांचं मत कधी विचारलं होतं?

डावं_वळण
हेल्मेट, तुमच्या मुद्द्याचं वजन मला पूर्ण कळतं. उशीर झाला आणि त्याची किंमत जिवांनी मोजली. पण त्यानंतरचंही त्याच कारकिर्दीत मोजा. नेब्रास्का विद्यापीठाने तयार केलेल्या, धक्का शोषणाऱ्या भिंतींच्या कामाला नॅस्कारने पैसा दिला. जानेवारी 2003 मध्ये कॉनकॉर्डला संशोधन केंद्र उघडलं. अर्नहार्टनंतर मुख्य मालिकेच्या शर्यतीत एकही ड्रायव्हर दगावलेला नाही.

लेखापरीक्षक
मूळ दुखणं वेगळंच आहे. नियम करणारी संस्था फ्रान्स कुटुंबाची, डेटोना-टॅलाडेगासारखे ट्रॅक ज्या कंपनीचे होते तीही त्यांच्याच हातात होती. सुमारे 2.4 अब्ज डॉलरचा जो टीव्ही करार 2001 पासून लागू झाला, त्यात ट्रॅकवाल्यांचा वाटा सर्वांत मोठा. गाड्या बांधणारे, पगार देणारे संघमालक मात्र वर्षभर प्रायोजकांच्या दारात. ज्युनियरने ही वाटणी कायम केली आणि तिचं भांडण पुढे कोर्टात गेलं. ऑक्टोबर 2024 मध्ये मायकेल जॉर्डन सहमालक असलेल्या 23 एक्सआय आणि फ्रंट रो या संघांनी मक्तेदारीविरोधी दावा लावला. डिसेंबर 2025 मध्ये खटला चालू असतानाच तडजोड झाली आणि संघांना कायमस्वरूपी चार्टर मिळाले, म्हणजे शर्यतीतली हक्काची जागा आता कराराबरोबर संपत नाही. ज्युनियरला हे वीस वर्षं आधी देता आलं असतं.

डावं_वळण
देता आलं असतं हे खरं. पण त्याच काळात अमेरिकेत इंडिकारवाल्यांकडे, म्हणजे उघड्या चाकांच्या गाड्यांच्या शर्यतींकडे बघा. तिथे संघमालकांच्या हातात कारभार होता. 1996 मध्ये भांडून दोन मालिका झाल्या, 2008 पर्यंत एक होईनात, आणि प्रेक्षक उठून नॅस्कारकडे आले. एकहाती कारभारामुळे नॅस्कार फुटलं नाही, म्हणून वाटायला 2.4 अब्ज आले.

लेखापरीक्षक
इंडिकारचं उदाहरण चोख आहे, मानतो. तरी एकहाती कारभाराचा हिशेब वारस निवडताना होतो. 2003 मध्ये खुर्ची मुलाकडे, ब्रायनकडे गेली. 2004 पासून शेवटच्या 10 शर्यतींवर विजेतेपद ठरायला लागलं आणि लेबर डेची (सप्टेंबरमधल्या सुट्टीची) डार्लिंग्टन ट्रॅकवरची जुनी शर्यत कॅलिफोर्नियाला गेली. ती परत यायला 2015 उजाडलं. 2018 मध्ये ब्रायन पायउतार झाला तर सूत्रं कोणाकडे? ज्युनियरचा धाकटा भाऊ जिम. बाहेरचा सक्षम माणूस हेल्टनच्या रूपाने घरात होता, 2000 पासून रोजचं काम बघत होता. त्याला पूर्ण खुर्ची दिली असती तर?

गावाकडचा_ट्रॅक
याचं उत्तर द्या, डावं वळण. मला तरी हाच खरा प्रश्न वाटतो.

डावं_वळण
हेल्टनला द्यायला हवी होती. ज्युनियरच्या कारकिर्दीत मला पटत नाही असा सर्वांत मोठा निर्णय तोच. बाकी शिल्पकार या शब्दावर मी ठाम आहे.