तळघरात भिंतीला धरून पुस्तकांची कपाटं करायची आहेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही बडोद्यात मांजलपूरला राहतो. टेनामेंट आहे, म्हणजे इकडच्या भाषेत स्वतंत्र घर, खाली तळघर. दांडिया बाजारातलं जुनं घर सोडताना बाबांची पुस्तकं, चाळीसेक वर्षांचे दिवाळी अंक आणि एक हार्मोनियम इकडे आलं, ते अजून बाहेरच्या खोलीत खोक्यांत आहे. पाहुणे आले की खोक्यांवर चादर घालून त्यांना तिथेच बसवतो. आता तळघराची वाचायची खोली करायची असं ठरलंय. एका भिंतीला छतापर्यंत कपाटं, जिन्याखालच्या तिरक्या जागेत खण आणि कोपऱ्यात बाक.

खोली १४ फूट बाय ११ फूट, उंची पावणेआठ. कपाटं ११ फुटी भिंतीला. ही भिंत ओळंब्यात नाही, वरून खालपर्यंत पाऊण इंचाचा फरक आहे. कोपराही गुण्यात (काटकोनात) नाही.

थोडा इतिहास सांगते, कारण प्रश्न त्यातूनच आलाय. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीनं २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली तेव्हा नदी आमच्या गल्लीत आली नाही (मगरीही नाहीत, तेवढं नशीब). पण तळघरातल्या मोरीच्या जाळीतून पाणी उलटं वर आलं, घोट्याएवढं. तिथे दुकानातून आणलेलं तयार कपाट होतं, दाबलेल्या भुशाच्या पाटांचं. तीन दिवसांत ते खालून फुगलं आणि कोपरे चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे हातात आले. नंतर मोरीच्या पाइपला नॉन रिटर्न वॉल्व्ह बसवला, पाणी उलटं येऊ नये म्हणून. २०२५ च्या पावसाळ्यात पाणी आलं नाही, पण ११ फुटी भिंतीला हातभर उंचीपर्यंत लोणा लागला. या जानेवारीत आतून वॉटरप्रूफिंग करून घेतलं, वर रंग दिला. आत्ता भिंत छान दिसते.

सुतारकाका ओळखीचे, हात चांगला आहे. त्यांचं म्हणणं, १८ मिमी प्लाय थेट भिंतीला ठोकू, बाहेरून सनमायका, आतून नुसता रंग, फळ्या साडेतीन-साडेतीन फुटांच्या. चौरस फुटाला १,६५० रुपये, मालासकट. अक्षय्य तृतीयेला सुरू केलं तर पावसाळ्याआधी संपेल. ओलीचं विचारलं की हसतात, "बेन, कशुं नहीं थाय" (काही होत नाही).

तर, प्लाय कुठला घ्यावा? सासरे म्हणतात वलसाडी सागच हवा, बाकी सगळं कचरा. भिंतीला टेकवून केलं तर चालेल का? आणि आत्ता करू की पावसाळा जाऊ देऊ?

रंधा:
सागाचं सासऱ्यांचं बरोबर आहे, पण अख्खं कपाट सागाचं करायला खिसाही तसाच लागतो. शिवाय सागाची रुंद फळी पावसाळ्यात थोडी फुगते, उन्हाळ्यात आकसते. झडपा सागाच्या करायच्या तर चौकट करून मधला पाट खाचेत मोकळा ठेवायला सांगा, फेविकॉलनं जाम करू देऊ नका, नाहीतर तडा जाईल. कपाटाचं खोकं प्लायचं आणि दर्शनी पट्ट्या सागाच्या, हा मधला मार्ग बरा.

तळघरात प्लाय आयएस ७१० या भारतीय मानकाचा, म्हणजे मरीन. शिक्का पाटावर छापलेला असतो, तो बघून घ्या, बिलावर पण लिहून घ्या. मात्र मरीन म्हणजे पाण्यात पोहणारा नव्हे. त्याचा डिंक उकळत्या पाण्याला टिकतो, पण कायम ओल्या भिंतीला चिकटून राहिला तर बुरशी त्यालाही येते. म्हणून आतून नुसता रंग नको. एका बाजूला सनमायका आणि दुसरी उघडी ठेवली की पाट धनुष्यासारखा वाकतो. बाहेर १ मिमीचा सनमायका, आत लायनर म्हणजे त्याहून पातळ सनमायका, पण दोन्ही बाजू झाकायच्याच.

साडेतीन फुटांची फळी विसरा. दिवाळी अंक जड असतात, एक फूट ओळीचं वजन सात-आठ किलो सहज. १८ मिमीच्या फळीला अडीच फुटांवर उभा आधार पाहिजेच, नाहीतर वर्षभरात पोट सुटेल. फळीचं म्हणतोय.

खडाष्टक:
तळघरात पुस्तकं ठेवणं हाच मुळात वेडेपणा. लोखंडी रॅक आणा, चाकं लावा, पाणी आलं की ढकला. दीड लाख वाचले. हार्मोनियम मात्र वरच ठेवा, तिच्या भात्याला ओल चढली की ती सर्दी झाल्यासारखी वाजते.

रंधा:
खडाष्टकराव, चाकांचा रॅक ढकलून नेणार कुठे? जिन्यावर?

जुना इंदूरकर:
आमच्याकडे इंदूरला काळी माती, तळघर म्हटलं की ओल आलीच. माझा अनुभव असा की सुतार बोलवायच्या आधी भिंतीला विचारायचं. दीड फूट बाय दीड फूट जाड प्लॅस्टिक घ्या, चारी कडा चिकटपट्टीनं हवाबंद करून भिंतीवर लावा. दोन-तीन ठिकाणी. एक दिवस-रात्र ठेवून काढा. थेंब प्लॅस्टिकच्या खोलीकडच्या बाजूला असतील तर हवेतला दमटपणा. भिंतीकडच्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतून येतंय.

आता एप्रिल आहे, तेव्हा कोरडं निघालं तरी हुरळून जाऊ नका, त्यानं पावसाळ्याचं काहीच सिद्ध होत नाही. पण ओलं निघालं तर मामला गंभीर.

आणखी एक. पावसाळ्यात "हवा खेळू दे" म्हणून तळघराच्या खिडक्या उघडू नका. बाहेरची गरम दमट हवा आत येते आणि गार भिंतीवर तिचं पाणी होतं. मी दोन वर्षं हेच करत होतो आणि बुरशीला शिव्या घालत होतो.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. प्लॅस्टिक लावलं, तीन ठिकाणी. जिन्याखाली दोन्ही बाजूंनी कोरडं. १४ फुटी भिंतीवरही कोरडं. ११ फुटी भिंतीवरचं आज सकाळी काढलं तर भिंतीकडून घाम फुटल्यासारखं ओलं, आणि नव्या रंगाला तांदळाएवढे फोड. एप्रिलात! बाहेर ४० अंश आहे, पाऊस नाही, मग पाणी कुठलं?

रंधा:
त्या भिंतीच्या पलीकडे काय आहे?

धागाकर्ती:
अंगण. तुळस. आणि… पाण्याची अंडरग्राउंड टाकी. अरे देवा.

जुना इंदूरकर:
रात्री टाकी भरून घ्या, इनलेट बंद, पंप बंद. पाण्याच्या पातळीला खडूनं रेघ मारा. सकाळी बघा.

धागाकर्ती:
बघितलं. रेघेच्या खाली तीन बोटं. म्हणजे २०२५ मध्ये आम्ही पावसाला दोष देत होतो तो फुकटच. पुन्हा आतून कितीही थर दिले तरी पाणी रंगाला ढकलून बाहेर येणारच. आता आधी टाकी रिकामी करून आतून दुरुस्त करायची, मग भिंतीचा रंग खरवडून ती उघडी वाळू द्यायची. ११ फुटी भिंतीची कपाटं दिवाळीनंतर. ह्यांचं म्हणणं खडाष्टकरावांचा रॅक आणू, पण मी ऐकलेलं नाही.

जिन्याखालचे खण मात्र आत्ताच करून घेतेय, सुतारकाकांची तारीख गेली तर ते लग्नसराईच्या कामात अडकतील. काल त्यांना खाली नेऊन ओलं प्लॅस्टिक हातात दिलं. बराच वेळ उलटसुलट करून बघितलं, मग म्हणाले, "भेज तो छे, बेन" (ओल तर आहे). त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूप झालं. पाया चार इंच उचलून कडप्प्याच्या तुकड्यांवर, पाठ भिंतीपासून इंचभर सुटी, वर-खाली हवेला फटी, आत लायनर, एवढं ते कबूल झाले. वाळवीचं औषध जमिनीच्या कडेनं भोकं पाडून आधी मारून घेणार आहे.

आता दिवाळीनंतरच्या कपाटांचं एकच अडलंय. त्यांचीही पाठ इंचभर सोडली आणि ११ फुटी भिंत पाऊण इंच वाकडी, तर कडेची फट खालीवर कमीजास्त दिसणार. ती कशी झाकायची?

रंधा:
कडेला दोन इंचांची सागाची पट्टी घ्या. ती भिंतीशी उभी धरून पेन्सिलला ठोकळा लावायचा आणि भिंतीवरून वरपासून खाली ओढत आणायचा, भिंतीचा वाकडेपणा जसाच्या तसा पट्टीवर उतरतो. मग त्या रेघेपर्यंत रंध्यानं छाटायचं. खाली-वर बोटभर जागा हवेला सोडा. काकांना येत असणार हे, फक्त अर्धा दिवस जातो म्हणून कोणी आपणहून करत नाही.