कोजागिरी, गच्ची आणि १५२ मिनिटं

नीलिमा (बी-२०४): नमस्कार मंडळी. कोजागिरीला गच्चीवर हॅरी पॉटरचा पहिला भाग लावणार, हे आत्ता लिफ्टमधल्या कागदावरून कळलं. कधी ठरलं? कुणी ठरवलं? ग्रुपवर विचारायची पद्धत होती आपल्यात. अर्णव साडेचार वर्षांचा आहे. गणपतीतला प्रकार आठवत असेलच सगळ्यांना.

समीर (ए-५०१): नीलिमाताई, शुक्रवारच्या मीटिंगमध्ये ठरलं. मीटिंगचा मेसेज बुधवारी इथेच टाकला होता. तुमच्या निळ्या टिका दिसतायत 🙏

नीलिमा: टिका निळ्या झाल्या म्हणजे माणूस रिकामा बसलाय असं होत नाही.

सेक्रेटरी: गच्चीची किल्ली कोणाकडे आहे? तिसऱ्यांदा विचारतोय.

नाडकर्णी काका (ए-१०३): चित्रपट १५२ मिनिटांचा आहे. ८.३० ला सुरू = ११.०२ ला समाप्त. उघड्यावर स्पीकर १० पर्यंतच. कृपया नोंद घ्यावी.

समीर: अहो फॅमिली सिनेमा आहे. जादूची शाळा, उडणारे झाडू, चॉकलेटचे बेडूक.

नीलिमा: आणि मास्तरांनी फेटा सोडल्यावर डोक्याच्या मागे दुसरं तोंड निघतं, ते? मी सातवीत असताना थिएटरात पाहिलाय. आठवडाभर आईच्या कुशीत झोपत होते.

विनय (सी-४०२): सातवीत?? 😀😀

नीलिमा: हो. वॉटरप्रूफिंगचा हिशोब मागितला की तुम्ही झोपता ना, तशीच गाढ.

मीनल (सी-१०१): त्यात तीन तोंडांचा कुत्रा पण आहे ना? रिया कुत्र्यांना फार घाबरते.

विनय: त्यासाठी तीन तोंडं कशाला, बी विंगचा एका तोंडाचा पुरतो.

राजेश (बी-६०३): बोलायचं तर नाव घेऊन बोला. ब्रूनोला सगळ्या लसी आहेत आणि गळ्यात पट्टा आहे. काही माणसांना नाही, तो माझा प्रॉब्लेम नाही.

सेक्रेटरी: कुत्र्यांसाठी वेगळा ग्रुप केलाय. कृपया तिकडे.

राजेश: त्या ग्रुपमधून काढलंय मला.

अॅड. साठे (सी-३०३): एक कायदेशीर मुद्दा. ओटीटीचं खातं घरात बघण्यासाठी असतं. गच्चीवर वर्गणी काढून शंभर माणसांना दाखवणं त्यात बसत नाही. रीतसर परवानगी घ्यावी.

विनय: आले.

समीर: साठेसाहेब, तुम्हीच चौकशी करून सांगा ना प्लीज. बाकी वयाचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये याला पीजी सर्टिफिकेट आहे, म्हणजे पालकांनी बघून ठरवायचं. त्यांचा नियम असा की साधारण ८ वर्षांच्या आणि मोठ्या मुलाला त्याने अस्वस्थ वाटू नये.

नीलिमा: साडेचार आणि आठ यात फरक किती? गणित नाडकर्णी काकांना विचारा.

नाडकर्णी काका: ३.५ वर्षे. चित्रपट १५२ मिनिटे. मध्यंतर २० धरल्यास ११.२२.

मीनल: आपल्याकडे पण आता वयाचे शिक्के आलेत ना?

प्राजक्ता (ए-२०२): हो, २०२४ च्या नियमांपासून यूए ७+, १३+ आणि १६+ असे तीन. पूर्वी सरसकट यूए, म्हणजे १२ च्या आतल्यांचं आईवडिलांनी बघायचं. आताही तेच, मुलाला दाखवायचं की नाही हे पालकांनीच ठरवायचं. हा सिनेमा २००१ चा, तेव्हा हे खाने नव्हतेच.

शकुंतला आजी (बी-१०१): आम्ही गणपतीचं डोकं उडवल्याची गोष्ट दोन वर्षांच्या पोरांना सांगितली. भोपळ्यातल्या म्हातारीला वाघ खायला बसलेला असतो. कोणी डॉक्टरकडे नेलं नाही. 🌹🌹 शुभ रात्री

नीलिमा: आजी, तुम्ही गोष्ट सांगता तेव्हा पोराचे डोळे मोठे झाले की म्हातारीला लगेच लेकीकडे पोचवता. पडदा थांबतो का? गणपतीत 'पौराणिक आहे, काही होत नाही' म्हणून लावलं, खांबातून नरसिंह आला आणि अर्धी पोरं मंडपाबाहेर. अर्णव अजून पार्किंगमधल्या खांबांना वळसा घालून जातो.

समीर: ते मी नव्हतं लावलं. मागची कमिटी.

विनय: मागच्या कमिटीवर बोलायचं तर मलाही बरंच बोलता येईल.

प्राजक्ता: मी थोडं लांब लिहितेय, वाचा. अठरा वर्षं बालवाडी घेतेय. आपण मोठी माणसं राक्षस मोजत बसतो. पोरं भलत्याच ठिकाणी अडकतात. माझ्या भाच्याला, वय ६, मे महिन्यात हाच सिनेमा हिंदीत दाखवला. मुलींच्या बाथरूममध्ये तो अगडबंब ट्रोल शिरतो, तिथे हा हसत होता, कारण त्याच्या नाकात कांडी जाते. कुत्रा झोपलेला बघून 'घोरतोय' म्हणाला. रडला कुठे? अगदी सुरुवातीला. आईबाप नसलेल्या पोराला जिन्याखालच्या कपाटात झोपवतात, आणि झोपवणारी कोण, तर सख्खी मावशी. आपल्याकडे 'माय मरो, मावशी जगो'. हा दुपारभर माझ्याकडे असतो! सिनेमा बंद करून विचारतो, 'आई नसली तर तू मला तिथे ठेवशील?'

मीनल: अगं बाई 😢

प्राजक्ता: म्हणून म्हणते, नुसत्या वयावर जाऊ नका. पाच-सहाच्या पोरांना शेवट आधीच सांगून टाका, मजा जात नाही त्यांची. गच्चीवरचा एक दिवा चालू ठेवा. आवाज कमी ठेवा, अर्धी भीती आवाजातच असते. जंगलातला प्रसंग, युनिकॉर्नचं रक्त पिणारा तो बुरखेवाला, आणि शेवटी हात लागताच मास्तरांची राख होते ते, हे सगळं शेवटच्या तासात आहे. लहान पोरांना मध्यंतरात दूध पाजून खाली न्या.

विनय: जिन्याखाली तर आपल्याकडेही आहेतच की, मीटर रूमशेजारी 😀

समीरची मुलगी (ए-५०१): हाय, मी पप्पांच्या फोनवरून. आम्ही ८वीवाले सगळे भाग बघून बसलोय. खरी भीती चौथ्यापासून आहे, ब्रिटनमध्ये त्याला १२ए आहे, म्हणजे १२ च्या आतल्यांना थिएटरात मोठ्यांबरोबरच. पहिला भाग बेबी आहे. आणि आरशात त्याला मेलेले आईबाबा दिसतात तिथे मला अजूनही रडू येतं, त्याला कुठलं सर्टिफिकेट?

*विनय (सी-४०२) यांनी मेसेज हटवला*

नीलिमा: मी वाचला होता.

राजेश: मी पण.

सेक्रेटरी: वॉचमनच्या खोलीचा विषय एजीएमच्या (वार्षिक सभेच्या) अजेंड्यावर आहे. इथे नको.

राजेश: तीन वर्षं आहे अजेंड्यावर.

शकुंतला आजी: त्यांची पोर येणारे ना गच्चीवर? दुसरीत आहे. माझ्याकडे पाढे म्हणायला येते.

समीर: हो आजी. म्हणजे, वर्गणी फ्लॅटमागे १५० आहे, पण येईल की. का नाही येणार.

नाडकर्णी काका: चित्रपट १५२ मिनिटांचा आहे.

नीलिमा: काका, कळलं हो!

नाडकर्णी काका: पूर्ण वाचावे. ७.०० ला सुरू + १५२ + मध्यंतर २० = ९.५२. ऑक्टोबरात सातला पुरेसा अंधार असतो. लहान मुलांचे मध्यंतर साधारण ८.१५ ला. मोठ्यांचे दूध १० नंतर, चंद्र वर आल्यावर. स्पीकरचा प्रश्न उरत नाही.

समीर: सातला ऑफिसवाले कोणी पोचणार नाहीत पण.

मीनल: मग पोरांजवळ बसायला कोण? परत आम्हीच.

प्राजक्ता: दूध आटवायला पण आम्हीच.

समीर: ओके ओके. मी हाफ डे टाकतो. विनय?

विनय: बघतो.

नीलिमा: ठीक आहे. अर्णव मध्यंतरापर्यंत बसेल. आवडलं नाही तर आधीच उठून जाऊ, तेव्हा कोणी 'ताई फार करतात' म्हणायचं नाही. आणि कपाटाचं मी त्याला घरी सांगून आणते.

नाडकर्णी काका: पडदा पूर्वेच्या कठड्याला लावावा. पौर्णिमेचा चंद्र पूर्वेला उगवतो. पश्चिमेला लावल्यास उजेड थेट पडद्यावर. गेल्या वर्षी हेच सांगितले होते.

समीर: काका, तुम्हीच या ना लावायला.

नाडकर्णी काका: ६ वाजता येतो. किल्ली माझ्याकडेच आहे.

सेक्रेटरी: काका!! ग्रुपवर तीन वेळा विचारलं मी.

नाडकर्णी काका: मी शेजारच्या दारात राहतो.