जेबेल अलीत नोकरी, राहायचं कुठे? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. धाकट्या भावाला दुबईच्या जेबेल अली फ्री झोनमधल्या (करसवलतीचं व्यापारी क्षेत्र) एका गोदामात सुपरवायझरची नोकरी लागली आहे. बंदर १९७९चं, फ्री झोन १९८५चा, एवढं वाचून झालं. पण रोजच्या जगण्याचं तिथल्याच माणसाला विचारावं.

कंपनी राहायची सोय देत नाही, भत्ता देते. त्याची बायको आणि चार वर्षांची मुलगी नंतर जातील. ओळखीचे सगळे बर दुबई, करामा सुचवतात. किराणा, आपली माणसं जवळ म्हणून. पण ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि शेख झायेद रोडवरची सकाळची गर्दी ऐकून आहे. डिस्कव्हरी गार्डन्स ही वस्ती जवळ पडेल का? तिथे मेट्रो आहे, पण स्टेशनपासून फ्री झोनच्या आत गेटापर्यंत कसं जातात? बस की कंपनीची गाडी?

दुसरं, उन्हाळा. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम बंद असतं. गोदामाच्या आत, छपराखाली काम करणाऱ्यांचं काय? एसी असतो की नुसते पंखे? भावाला घामोळ्यांचा जुना त्रास आहे, म्हणून विचारतेय.

घरभाडं चेकने वर्षाचं एकदम मागतात म्हणे. हप्त्यांत मिळतं का? कोणी तिथे असेल तर सांगा, तो पुढच्या महिन्यात निघतोय.