अधिवेशनात व्यापारी मंत्र्यांना भेटले की लगेच "सेटिंग" का म्हणायचं?

तराजू :
दर हिवाळी अधिवेशनाला तेच. व्यापारी संघटनेचं शिष्टमंडळ नागपूरला मंत्र्यांना भेटल्याचा फोटो आला की खाली सुरू, "झाली सेटिंग". शिक्षक येतात, अंगणवाडी सेविका येतात, त्याला आपण आंदोलन म्हणतो आणि दुकानदार निवेदन घेऊन गेला की तो लगेच दलाल? एलबीटी, म्हणजे महापालिकांचा स्थानिक संस्था कर, आठवा. २०१३ ला लोकांनी दुकानं बंद ठेवली, बोंब मारली, आणि शेवटी १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आत उलाढाल असणाऱ्यांचा तो कर गेला. गप्प बसले असते तर गेला असता का? ज्याच्या मानेवर कायदा बसणार त्यानेच तोंड उघडायचं नाही हा कुठला न्याय. माझं म्हणणं एवढंच की जावं, उघडपणे जावं आणि काय मागितलं ते लेखी असावं.

चौथी पाळी :
उघडपणे? मोर्चा यशवंत स्टेडियमवरून निघतो, पुढे बॅरिकेडला अडतो, रस्त्यावरच बसतो, संध्याकाळपर्यंत एखादा मंत्री आला तर आला. तुमचं शिष्टमंडळ मात्र रविभवनात, मंत्री उतरतात तिथे, सोफ्यावर. दोन्हीला एकच नाव कसं देता? आणि एलबीटीची गोष्ट अर्धीच सांगितलीत, तो गेल्यावर महापालिकांचा खड्डा राज्याच्या तिजोरीतून भरावा लागला, ती तिजोरी आमच्याही करातून भरते. २०२५ ला दुकानं-आस्थापनांमधले कामाचे तास रोज ९ चे १० करायला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. काउंटरमागे दिवसभर उभं राहणाऱ्या पोरीला विचारायला कुणी रविभवनात बोलावलं होतं का?

सिव्हिल लाईन्स :
दोघंही अधिवेशनाला जरा जास्तच भाव देताय. एका आमदारांच्या ऑफिसात बरीच वर्षं काढलीत म्हणून सांगतो निवेदनाचं काय होतं ते. मंत्री चालता चालता कागद घेतात, पीए पेन पुढे करतो, कोपऱ्यात "तपासून सादर करावे" असा शेरा आणि सही, की झालं. कागद विभागात जाऊन फायलीत बसतो आणि इकडे शेऱ्याचा फोटो स्टेटसला. तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे ते, अधिवेशनाच्या कितीतरी आधी द्यावे लागतात, त्यामुळे अधिवेशनात येऊन "साहेब, आमचा प्रश्न लावा" म्हणणाऱ्याची गाडी केव्हाच सुटलेली असते, फार तर लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाची सूचना, तीही पुकारली जाईलच असं नाही. ज्यांना खरंच काम करून घ्यायचं असतं ते मसुदा बनत असतानाच मंत्रालयात पोचलेले असतात. व्याख्येच्या कलमात एक "किंवा" घुसवला की बास. त्यांचा फोटो कधी पाहिलाय?

चौथी पाळी :
हेच तर म्हणतोय मी!!

गल्ला :
माझं छोटं दुकान आहे, मी दोन्ही बाजूंना वैतागलोय. २०१८ ची प्लास्टिकबंदी तर विधेयक म्हणून आलीच नव्हती, २००६ च्या कायद्याखाली अधिसूचना काढली आणि २३ जूनपासून पहिल्याच वेळी ५ हजार दंड. डाळ-साखर कशात बांधून द्यायची ते कुणी सांगेना, ओरड झाली तेव्हा कुठे किराणा पॅकिंगला सवलत मिळाली. त्यामुळे ओरडू नका म्हणणाऱ्यांनी आधी महिनाभर दुकान चालवून दाखवावं. पण आमच्या नावाने जे पुढे जातात ना, त्यांचंही एक बघा. मराठी पाट्यांच्या सक्तीविरोधात एक संघटना कोर्टात गेली, २०२२ ला हायकोर्टाने याचिका फेटाळून वर २५ हजारांचा दंड ठोकला, आणि त्यानंतर विधिमंडळात पाट्यांची दुरुस्तीही मंजूर झाली. मला कुणी विचारलं होतं? माझी पाटी पहिल्यापासून मराठीत आहे राव.

तराजू :
गल्लाभाऊ, मान्य, सगळ्या संघटना सगळ्यांच्या नसतात. पण चौथी पाळी, तुम्ही व्यापारी विरुद्ध कामगार अशी सरळ रेघ मारताय ती नेहमी खरी नसते. नोव्हेंबर २०१८ मध्ये बाजार समिती कायद्यातल्या दुरुस्तीविरोधात वाशीचं मार्केट बंद झालं तेव्हा व्यापारी आणि माथाडी कामगार एकत्र होते, सरकारने विधेयक मागे घेतलं.

चौथी पाळी :
आणि शेतकरी कुठे होता त्यात? माल त्याचा, बंद मार्केटमध्ये सडणार तोही त्याचाच. दोघांनी मिळून तिसऱ्याचं दार लावलं तर ते लोकशाहीचं उदाहरण होत नाही. आमदारांना भेटू नका असं मी म्हणतच नाहीये, मला फक्त तिसऱ्याला कळायला हवं की काय मागितलं गेलं. अमेरिकेत १९९५ च्या कायद्याप्रमाणे लॉबिंग करणाऱ्यांना, म्हणजे कायदे आपल्या बाजूने व्हावेत म्हणून सरकारदरबारी खटपट करणाऱ्यांना, नोंदणी करावी लागते, आपल्याकडे असा कायदाच नाही.

सिव्हिल लाईन्स :
नोंदणी झाली म्हणून तिकडच्या कंपन्या काही साधूसंत झाल्या नाहीत. त्यापेक्षा मसुदाच आधी लोकांसमोर टाका. केंद्राचं २०१४ चं धोरण आहे, विधेयकाचा मसुदा ३० दिवस सूचनांसाठी खुला ठेवायचा, पाळतात किती तो भाग वेगळा. आपल्याकडे जनसुरक्षा विधेयक संयुक्त समितीकडे गेलं तेव्हा १२ हजारांच्या वर सूचना आल्या. म्हणजे विचारलं की लोक लिहितात. उद्योगाशी संबंधित विधेयकं मात्र शेवटच्या दोन दिवसांत गोंधळात आवाजी मतदानाने निघतात, तेव्हा कुठलीच संघटना "चर्चा करा" म्हणून ओरडत नाही, सोयीचं असतं ना.

तराजू :
ओके, मग एवढं तरी. दिलेलं प्रत्येक निवेदन जाहीर करायचं, असा नियम व्हावा.

चौथी पाळी :
नियम कशाला हवा? तुमच्या संघटनेने या वेळचं निवेदन आजच जाहीर करावं, कुणी हात धरलाय?

तराजू :
टाकलंय की ग्रुपवर.

गल्ला :
कुठल्या ग्रुपवर? मी पण सभासद आहे, मला नाही आलं.