मदत हवी आहे: नवा ऑक्सिजन सेन्सर टाकला तरी चेक इंजिन जात नाही

जर्सीकर: मंडळी जरा पटकन सांगा. चेक इंजिनचा लाइट लागला म्हणून पुढचा ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) ऑनलाइन मागवून बसवून घेतला, लाइट परत आला आणि स्कॅनरवर बिघाडाचा कोड पण तोच. दुकानवाला ठाम आहे की पार्ट याच गाडीचा आहे. याच महिन्यात गाडीचं सरकारी इन्स्पेक्शन आहे, लाइट चालू असेल तर सरळ फेल करतात.

नटबोल्ट: कुठली गाडी? साल? कोड? यातलं काहीच लिहिलं नाहीये तुम्ही.

भटक्या_विमुक्त: बॅटरीची निगेटिव्ह अर्धा तास काढून ठेवा, लाइट जातो. मी दरवेळी हेच करतो.

नटबोल्ट: अहो त्याने सगळे मॉनिटर (कॉम्प्युटरने स्वतः केलेल्या तपासण्या) पण पुसले जातात, इन्स्पेक्शनला "नॉट रेडी" दाखवतं. नका असलं सांगू लोकांना.

जर्सीकर: टोयोटा कॅमरी, १९९९, चार सिलिंडर. कोड ११३५.

नटबोल्ट: पी०१३५ की पी११३५? बघून सांगा, यावरच सगळं आहे.

जर्सीकर: पी११३५. हीटर सर्किट लिहिलंय. पण सेन्सर कोरा आहे, त्याचा हीटर कसा जाईल?

सोलापूर_ते_सॅनहोजे: मग ही गाडी कॅलिफोर्निया व्हर्जनची आहे. त्या काळात धुराच्या नियमांमुळे एकाच कॅमरीचे दोन प्रकार यायचे, फेडरल (देशभराच्या नियमांची) आणि कॅलिफोर्निया (तिथल्या वेगळ्या नियमांची). फेडरलला पुढे साधा ऑक्सिजन सेन्सर, ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये वरखाली नाचणारा, हवा-पेट्रोलचं मिश्रण जाड (पेट्रोल जास्त) की पातळ एवढंच सांगतो. कॅलिफोर्नियावालीला तिथे एअर फ्युएल सेन्सर, तो किती जाड किती पातळ हे पण सांगतो, त्यासाठी जास्त तापावा लागतो म्हणून हीटर दणकट. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. साध्या सेन्सरचा कोड पी०१३५ असतो, पी११३५ एअर फ्युएलचा. म्हणजे कॉम्प्युटर एक मागतोय आणि तुम्ही दुसराच दिलाय. गाडी घेतली कुठून?

जर्सीकर: एकजण सॅन डिएगोहून इकडे शिफ्ट झाला होता त्याच्याकडून. पण न्यू जर्सीत पण कॅलिफोर्नियाचेच नियम आहेत ना?

सोलापूर_ते_सॅनहोजे: ते २००९ मॉडेलपासून. बॉनेट उघडा, आतल्या बाजूला एमिशनचं (धुराच्या नियमांचं) स्टिकर आहे, त्यावर कॅलिफोर्निया लिहिलंय का बघा.

कोथरूडचा_काका: आपल्याकडे भारतात पण असं जागेनुसार वेगळं झालंय. १९९५ च्या एप्रिलपासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास एवढ्याच शहरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेत धूर साफ करणारा भाग) सक्तीचा केला, कारण शिसं नसलेलं पेट्रोल आधी तिथेच आलं. शिशाने कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर दोन्ही मरतात. देशभर शिसं बंद व्हायला २००० उजाडलं.

भटक्या_विमुक्त: एवढी जुनी गाडी, विकून हायब्रिड घ्या.

जर्सीकर: विकायचा प्रश्नच नाही, इंजिन मस्त आहे. स्टिकरवर कॅलिफोर्निया आहे!! मग दुकानाच्या साइटवर साल आणि मॉडेल टाकल्यावर हा पार्ट येतोच कसा?

नटबोल्ट: साइटवर "फेडरल एमिशन" असं बारीक अक्षरात असतं. माझ्या मते तरी वायरिंग आधी तपासा, उंदीर कुरतडतात, आमच्याकडे झालंय.

सोलापूर_ते_सॅनहोजे: वायरिंग तपासायला हरकत नाही पण आधी मल्टिमीटर घ्या. सेन्सर गार असताना हीटरच्या दोन पिनांमध्ये रेझिस्टन्स बघा. ११ ते १६ ओहम आला तर साधा ऑक्सिजन सेन्सर, एअर फ्युएलला साधारण एकच ओहम येतो. आणि योग्य सेन्सर बसवल्यावर स्वस्तातल्या स्कॅनरवर ०.६६ व्होल्ट अडकल्यासारखा दिसेल, तो खराब समजून परत काढू नका. खरे ३.३ व्होल्ट असतात, जनरल स्कॅनर पाचने भागून दाखवतो.

जर्सीकर: १३ ओहम आला. आता नंबर कुठला मागवू?

सोलापूर_ते_सॅनहोजे: जुना काढलेला आहे का? त्याच्यावरचा नंबर टाका इथे, तोच मागवायचा. कंपनीला फोन करून व्हीआयएन (गाडीचा चॅसी नंबर) सांगितला तरी "कॅलिफोर्निया एमिशन" हे स्वतःहून सांगा.

जर्सीकर: जुना डिक्कीत आहे. संध्याकाळी नंबर टाकतो.

कोथरूडचा_काका: बदलताना इंजिन कोमट असू दे, एकदम गार असताना जोर लावला तर आटे जातात.