स्वमग्नता आणि आईवरचा ठपका

आई कामावर जाते, माया कमी पडते, म्हणून मूल स्वमग्न (ऑटिस्टिक) होतं, असं आधीच्या प्रतिसादात वाचलं आणि राहवलं नाही. हा ठपका जुना आहे. १९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोरचे बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अशा ११ मुलांची निरीक्षणं प्रसिद्ध केली. हे वेगळेपण जन्मजात दिसतं असं त्यांनीच लिहिलं होतं. पण आईवडील अलिप्त वाटतात अशीही नोंद होती आणि लोकांनी नेमकी तीच उचलली. पुढे शिकागोत अशा मुलांसाठी निवासी शाळा चालवणाऱ्या ब्रुनो बेटलहाइम यांनी आयांच्या थंडपणावरच बोट ठेवलं.

१९७७ मध्ये सुझन फोलस्टीन आणि मायकल रटर या संशोधकांनी ब्रिटनमधल्या जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या; प्रत्येक जोडीत निदान एक मूल स्वमग्न होतं. हुबेहूब जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी चारांत दोघंही स्वमग्न होती. वेगवेगळ्या बीजांडांतून झालेल्या १० जोड्यांत एकही अशी नव्हती. प्रत्येक जोडीत घर तेच, आईही तीच; फरक होता तो जनुकं किती सारखी याचा! नमुना लहान होता खरा, पण नंतरच्या मोठ्या अभ्यासांनीही आनुवंशिकतेचा मोठा वाटा दाखवला. स्वतः कॅनर यांनी १९६९ मध्ये पालकांना जाहीरपणे दोषमुक्त केलं होतं.

माझ्या मावसबहिणीने हेच टोमणे ऐकून नोकरी सोडली. त्या अपराधीपणात स्पीच थेरपी सुरू व्हायला दोन वर्षं उशीर झाला, ते मला अजून सलतं. वर्षाचं मूल हाकेला बघत नसेल, दीड वर्षाचं बोट करून काही दाखवत नसेल, तर कृपया लगेच बालविकासतज्ज्ञांना दाखवा.