बॉइज टाउन: अनाथाश्रम, सुधारगृह की गाव?

पांथस्थ:
अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातील ओमाहाजवळच्या बॉइज टाउनला कुठे अनाथाश्रम म्हटले जाते, कुठे सुधारगृह, तर कुठे चक्क गाव. फादर एडवर्ड फ्लॅनगन यांनी १९१७ साली नेमके काय सुरू केले होते? आणि तिथली मोठी वसतिगृहे पुढे का मोडीत निघाली?

जुनी वही:
फ्लॅनगन आधी बेघर मजुरांसाठी निवारा चालवत. त्या माणसांच्या कहाण्या ऐकता ऐकता, हात द्यायचा तो पोरवयातच, असे त्यांचे मत बनले. डिसेंबर १९१७ मध्ये ९० डॉलर उसने घेऊन त्यांनी एक घर भाड्याने घेतले. पहिल्या नाताळाच्या जेवणाला कोणीतरी देणगी म्हणून दिलेले आंबवलेल्या कोबीचे पिंप होते! मुले काही अनाथ होती, काही न्यायालयाने सोपवलेली. त्यामुळे तुम्ही वाचलेली पहिली दोन्ही वर्णने अर्धीअर्धी खरी आहेत. संस्था कॅथलिक असली तरी प्रवेश देताना धर्म किंवा वर्ण पाहिला जात नसे. १९२१ साली शहराबाहेरचे ओव्हरलुक फार्म विकत घेतल्यावर त्यांनी तिथे कुंपण घातले नाही, कारण घरच्या माणसांभोवती कोणी भिंत बांधत नाही, असे ते म्हणत. मुले आपला महापौर स्वतः निवडत, आणि १९३६ मध्ये वस्तीला कायद्याने गावाचा दर्जा मिळाला.

रानवारा:
वसतिगृहांच्या प्रश्नात पैशाचाही भाग आहे. बॉइज टाउनवरच्या १९३८ च्या चित्रपटामुळे संस्थेचे नाव सर्वतोमुखी झाले. १९७२ मध्ये मात्र ओमाहाच्या 'सन' या साप्ताहिकाने उघड केले की संस्थेकडे २० कोटी डॉलरहून अधिक निधी साठलेला असतानाही गरिबीचा सूर लावून देणग्यांची आवाहने चालूच होती. या वृत्तांकनाला पुढच्या वर्षी पुलित्झर हे पत्रकारितेतले पारितोषिक मिळाले. त्यानंतरच्या काही वर्षांत वसतिगृहांऐवजी एक दांपत्य आणि मोजकी मुले अशी घरे उभी राहिली. १९७९ पासून मुलींनाही प्रवेश मिळाला. माझ्या मते बदनामीने या बदलाला फक्त गती दिली, कारण शेकडो मुले एकाच छपराखाली वाढवण्यावरचा विश्वास तोवर सगळीकडेच उडू लागला होता.

जुनी वही:
सहमत. एक भर घालतो. १९४६ मध्ये मायदेशी आयर्लंडला गेलेल्या फ्लॅनगन यांनी तिथल्या औद्योगिक शाळांतील, म्हणजे गरीब व निराधार मुलांना ठेवण्याच्या निवासी संस्थांतील, मारहाणीवर जाहीर टीका केली. त्यातल्या बहुतेक शाळा कॅथलिक धर्मसंघांच्याच होत्या. न्यायमंत्री जेराल्ड बोलँड यांनी संसदेत ती टीका उडवून लावली. फ्लॅनगन १९४८ मध्ये बर्लिनमध्ये वारले. त्या शाळांतील मारहाणीची सरकारी चौकशीतून पुष्टी व्हायला २००९ साल उजाडले.